जागा कोण काढतं?



मागच्या महिन्यात इंदूरच्या एका मुलीचं मला पत्र आलं. ती नुकतीच इंजिनिअर झाली आहे. संगणकाचं काम येतं, कोड लिहिता येतो, यंत्रं उघडून बघायची आवड आहे. कंपनीत तिचं मन रमत नाही. तिने लिहिलं होतं, "सर, संशोधन चालतं अशा विद्यापीठात किंवा संस्थेत मला काम करायचंय. पण तिथे नोकऱ्या लागतात कशा? जाहिराती वाचते तर अर्ध्या अटी कळत नाहीत. आई म्हणते, तिथे ओळख लागते. खरंच लागते का?"

मी माणूस इतिहासाचा. कुठे भरती चालू आहे ते मला ठाऊक नसतं. पण तिचा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ओळख लागते का? या प्रश्नाला आपल्या देशात तब्बल १४० वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली मोठमोठी माणसं नोकरीसाठी दारात उभी असलेली दिसतात. म्हणून आजचा भाग तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठीत आपण म्हणतो, "जागा निघाली." पावसाळ्यात अळंबी निघावी तशी. "जागा भरली", "जागा गोठवली" असंही म्हणतो. पण जागा आपोआप निघत नाही. कुणीतरी ती मंजूर करतं, तिला पैसे लावतं आणि तिच्यापुढे अटी लिहितं. त्या अटी कोण लिहितं आणि कोण बदलतं, हाच आजचा विषय.

निम्म्या पगाराचा प्राध्यापक

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही आपली तीन जुनी विद्यापीठं १८५७ सालची. पण कित्येक दशकं ती फक्त परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवणं कॉलेजांत चाले, आणि संशोधन हा कुणाच्याच नेमणुकीचा भाग नव्हता. त्यामुळे 'संशोधकाची जागा' नावाची गोष्टच नव्हती. होती ती शिक्षकाची सरकारी जागा, आणि तिच्यातही दोन दर होते.

१८८५ मध्ये जगदीशचंद्र बोस केंब्रिजहून शिकून आले. त्यांच्याजवळ व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची शिफारस होती. म्हणजे ओळख होती, आणि साधीसुधी नव्हे. तरीही बंगालच्या शिक्षण खात्याने त्यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात नाखुशीनेच घेतलं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पण 'ऑफिशिएटिंग', म्हणजे हंगामी. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी असल्यामुळे त्याचाही अर्धा. हिशेब केला तर शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या गोऱ्या माणसाच्या एक-तृतीयांश.

बोसांनी काय केलं? शिकवत राहिले, पण पगार घेतला नाही. तीन वर्षं! घरी वडिलांचं कर्ज होतं, तरी पगाराला हात लावला नाही. शेवटी खात्याने नमतं घेतलं. पूर्ण पगार, तोही मागल्या तारखेपासून, आणि नोकरी कायम.

प्रफुल्लचंद्र रायांची गोष्ट यापेक्षा कमी सांगितली जाते. एडिंबराहून रसायनशास्त्रातली डी.एस्‌सी. घेऊन ते १८८८ मध्ये परतले आणि जवळजवळ वर्षभर बेकार राहिले. राहायला बोसांच्या घरी, प्रयोगाला बोसांच्या कॉलेजात. १८८९ मध्ये जागा मिळाली ती तात्पुरत्या सहायक प्राध्यापकाची, महिना २५० रुपयांची. इंग्लंडमधून नेमलेल्यांची वरची सेवा वेगळी आणि इथे नेमलेल्यांची वेगळी, राय दुसरीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शिफारशीने बोसांना दार उघडून दिलं, पण पगाराची अट शिफारशीने बदलली नाही. ती बदलली तीन वर्षांच्या हट्टाने.

एका कुलगुरूचा डाव

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची आणि संशोधनाची सोय करण्याची मुभा मिळाली. कायदा लॉर्ड कर्झनचा, आणि हेतू विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करण्याचा. पण १९०६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले आशुतोष मुखर्जी. हायकोर्टाचे न्यायाधीश आणि आवडीने गणिती. सरकार पैसे देत नाही म्हटल्यावर ते कलकत्त्याच्या वकिलांकडे वळले. १९१२ मध्ये तारकनाथ पालित आणि १९१३ मध्ये रासबिहारी घोष यांनी लाखो रुपये दिले. त्यातून २७ मार्च १९१४ रोजी सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली आणि पालित प्राध्यापक, घोष प्राध्यापक अशा नव्या जागा निर्माण झाल्या.

या देणग्यांबरोबर एक अट होती: या जागांवर भारतीयच नेमायचे. तीस वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी बोसांचा पगार कापला गेला, तेच कारण आता पात्रतेचं कलम झालं! पण देणगीदारांचा परदेशावरचा विश्वास अजून उडाला नव्हता. पालित प्राध्यापकाचं शिक्षण परदेशात झालेलं असावं, हीही अपेक्षा होती.

आशुतोषबाबूंना हवा होता तो माणूस मात्र परदेशी कधी गेलाच नव्हता. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ पासून सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी होते. दिवसभर कचेरी, सकाळ-संध्याकाळ बहुबाजार रस्त्यावरच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये प्रयोग. पालित प्राध्यापकपद देऊ केलं तेव्हा रामन म्हणाले, शिकायला म्हणून मी परदेशी जाणार नाही. आशुतोषबाबूंनी माणूस बदलला नाही, अट बदलून घेतली. १९१७ मध्ये रामन रुजू झाले, आणि तेही सरकारी पगाराच्या सुमारे निम्म्यावर.

याच काळात एक मराठी माणूस कलकत्त्याला पोचला. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. सुट्टीत सह्याद्री पालथा घालत. त्यांना पश्चिम घाटातल्या पाण्यात गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. तसला प्राणी तोवर आफ्रिकेतूनच माहीत होता, म्हणून जाणकारांत त्यांचं नाव झालं. घोष देणगीतून वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद निर्माण झालं तेव्हा तिथे आघारकरांची निवड झाली. ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून तिथेच अडकले. काही काळ बंदिवासही भोगला. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. कलकत्त्यात निवृत्त झाल्यावर १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' उभी केली. नावातच कलकत्त्याचं ऋण आहे. आज तिला आपण आघारकर संशोधन संस्था म्हणतो. एका शहरात निघालेली एक जागा तीस वर्षांनी दुसऱ्या शहरात एक संस्था उभी करते, ती अशी.

आणि दोन पोरं. १९१५ मध्ये एम.एस्‌सी.ला पहिला आलेला सत्येंद्रनाथ बोस आणि दुसरा आलेला मेघनाद साहा. साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा मुलगा. वसतिगृहात जातीचे चटके सोसलेला. दोघंही गणिताचे. १९१६ मध्ये आशुतोषबाबूंनी त्यांना व्याख्याता केलं आणि पुढे भौतिकशास्त्राकडे वळवलं. नवं भौतिकशास्त्र होतं जर्मनमध्ये, तर दोघांनी जर्मन शिकून घेतलं. रात्री स्वतः शिकायचं आणि सकाळी शिकवायचं! १९२० मध्ये त्यांनी केलेलं सापेक्षतेच्या मूळ लेखांचं इंग्रजी भाषांतर विद्यापीठाने छापलं, आणि त्याच वर्षी साहांचं ताऱ्यांच्या तापमानाशी जोडलेलं आयनीभवनाचं समीकरण प्रसिद्ध झालं.

सत्येंद्रनाथ १९२१ मध्ये ढाक्याला रीडर म्हणून गेले. तिथून १९२४ मध्ये त्यांनी आपला एक लेख थेट आइन्स्टाइनना पाठवला. कसली ओळख नाही, कुणाची शिफारस नाही. आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापवून आणला आणि एक पोस्टकार्ड पाठवलं. ते कार्ड दाखवल्यावर ढाक्याच्या विद्यापीठात रजेची अडचण उरली नाही आणि जर्मन वकिलातीत व्हिसाची. परत आल्यावर प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना डॉक्टरेट नव्हती. तिथेही आइन्स्टाइनची शिफारस जोडली. इंदूरच्या मुलीला मी हे आवर्जून लिहिलं. ओळख लागलीच होती, पण ती ओळख एका कागदाने करून दिली होती.

तेच रामन, दाराच्या आतल्या बाजूला

इथवर गोष्ट छान आहे. गुणी माणूस, जाणता कुलगुरू, मोडलेली अट. आता याच गोष्टीची दुसरी बाजू.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवलेली एक मुलगी तिथे आली. कमला भागवत, जन्म इंदूरचा. आपल्या लेखिका दुर्गाबाई भागवत यांची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले. म्हणजे ओळखीत काही कमी नव्हतं, आणि गुणांतही नाही.

रामननी प्रवेश नाकारला. कारण एकच: ती मुलगी होती.

कमलाबाई परत गेल्या नाहीत. कारण द्या, म्हणून अडून बसल्या, सत्याग्रहच केला. शेवटी रामननी अटींवर घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि तुमच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये! कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. म्हाताऱ्या झाल्यावरही जाहीरपणे बोलून दाखवला. वर्षभराने रामन त्यांच्या कामावर खूश झाले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. मग दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे संचालकपदही त्यांच्या वाट्याला उशिराच आलं.

अ‍ॅना मणी यांचंही तसंच. १९४० मध्ये त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे-माणकांच्या वर्णपटावर पाच शोधनिबंध लिहिले. पण त्या काळी पदवी मद्रास विद्यापीठाने द्यायची, आणि विद्यापीठ म्हणालं, तुमची एम.एस्‌सी. नाही, म्हणून पीएच.डी. नाही. त्या उपकरणशास्त्र शिकायला लंडनला गेल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात उपकरण विभागात रुजू झाल्या. पर्जन्यमापक, वायुभारमापक ही यंत्रं देशातच बनावीत म्हणून त्यांनी जे काम केलं, त्यावर आपलं हवामानशास्त्र उभं आहे.

मला या प्रकरणात रामन खलनायक वाटत नाहीत. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. ज्याच्यासाठी एक अट मोडली गेली, त्याला दारात बसवल्यावर दुसऱ्याची अट दिसलीच नाही. जाणत्या माणसाच्या पारखीवर चालणारी व्यवस्था त्याच्या नजरेइतकीच दूरवर पाहते. आशुतोषबाबूंना रामन दिसले. रामनना कमला दिसायला सत्याग्रह लागला.

टिनवाला आणि आशुबाबू

आता तंत्रज्ञांकडे येतो, कारण पत्र लिहिणाऱ्या मुलीला हवी आहे ती जागा बहुधा इकडची.

जगदीशचंद्र बोसांनी रेडिओलहरींवर काम केलं ते स्नानगृहाशेजारच्या एका चिमुकल्या जागेत. यंत्रं कुणी बनवली? कधी शाळेत न गेलेल्या एका टिनवाल्याने, बोसांनी हाताशी धरून शिकवलेल्या. त्याचं नाव कुठल्या शोधनिबंधावर नाही. रामनना मदतनीस मिळाले आशुतोष डे, सगळे त्यांना आशुबाबू म्हणत. विद्यापीठाची पायरी न चढलेला हा माणूस इतका तयार झाला, की त्याचा एकट्याच्या नावाचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पण असं एकालाच. बाकीच्यांची नावं हजेरीपटावरच राहिली.

चित्र बदललं ते संगणकामुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात काही तरुणांनी आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधायला घेतला. त्यांतल्या बहुतेकांनी संगणक पाहिलेलाही नव्हता. भौतिकशास्त्राची, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं. 'संगणकशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात देऊन कुणी मिळणारच नव्हतं, कारण तशी पदवीच नव्हती. अडीच हजारांहून अधिक निर्वात नळ्यांचं ते यंत्र १९६० मध्ये पूर्ण झालं. त्याला 'टिफ्रॅक' नाव मिळालं. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि तिथे देशभरच्या शास्त्रज्ञांना प्रोग्रॅम लिहायला शिकवणं सुरू झालं. १९८६ मध्ये शिक्षणसंस्थांना जोडणारं 'अर्नेट' जाळं सुरू झालं, तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्यांची गरज पडली. आज संस्थांच्या जाहिरातींत दिसणाऱ्या 'सायंटिफिक ऑफिसर', 'टेक्निकल ऑफिसर', 'सिस्टीम अ‍ॅनालिस्ट' या जागांची पूर्वपीठिका ही आहे. आधी काम आलं, मग माणसं तयार झाली, मग पदनाम आलं, आणि सगळ्यात शेवटी पदनामाला पदवीची अट चिकटली.

माणूस आधी की जागा आधी?

होमी भाभांचं म्हणणं सरळ होतं: आधी इमारत बांधून मग तिच्यात माणसं भरायची नाहीत, उत्तम माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि १९४५ मध्ये संस्था सुरू झाली. भाभांनी गणितासाठी निवडलेल्या पहिल्या माणसांपैकी एक दामोदर धर्मानंद कोसंबी. बनारस, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन असा प्रवास केलेले, कुठेच फार न मानवलेले. अशा मोकळ्या डोक्याच्या माणसासाठी भाभांची पद्धत अगदी योग्य. गणिताच्या जागेवर बसून कोसंबींनी नाण्यांचा, शिलालेखांचा आणि भारतीय इतिहासाचा अभ्यास केला. पण जी जागा माणूस पाहून दिलेली असते, ती माणूस पाहूनच काढताही येते. मतभेद वाढत गेले, आणि १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

ज्यांना भाभा भेटले नाहीत त्यांचं काय? हरगोविंद खोराना १९४९ मध्ये परदेशातलं शिक्षण संपवून भारतात आले. फाळणीत घर पलीकडे राहिलेलं. नोकरी शोधली, मिळाली नाही. ते केंब्रिजला गेले, तिथून कॅनडा, तिथून अमेरिका. १९६८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपण अभिमानाने टाळ्या वाजवल्या. परदेशातून परतणाऱ्यांना निदान काही काळ पगार आणि प्रयोगशाळा मिळावी म्हणून सरकारने १९५८ मध्ये 'सायंटिस्ट्स पूल' सुरू केला. कल्पना चांगली होती, पण पूल म्हणजे प्रतीक्षागृह. गाडी येईलच असं नाही.

दिल्लीतलं १९७२ साल

मे १९७२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. 'पुसा' म्हणून ओळखली जाणारी ही संस्था विद्यापीठाच्या दर्जाची. हरितक्रांतीच्या कौतुकाचे ते दिवस. नोकरीतल्या निवडीबद्दलची निराशा यामागे होती, ही चर्चा संसदेपर्यंत पोचली. चौकशीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, देशाचे निवृत्त सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू.

दुखणं असं होतं, की वरची जागा रिकामी झाल्याशिवाय शास्त्रज्ञाला वर जाता येत नसे. जागा एक, इच्छुक अनेक, आणि निवड करणारे तेच वरिष्ठ. सहकारी हा प्रतिस्पर्धी होई. या सगळ्यातून १९७३ मध्ये स्वतंत्र कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ आलं आणि १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा. काम पाहून बढती द्यायची, वरची जागा रिकामी असो वा नसो, हे तत्त्व मान्य झालं. आज ही गोष्ट कोरड्या नियमासारखी वाचली जाते. त्या नियमाखाली एक माणूस आहे.

नियमांतही खाचखळगे असतात, त्याचं अलीकडचं उदाहरण सांगतो. प्राध्यापकांच्या आरक्षित जागा मोजताना एकक कोणतं धरायचं, पूर्ण विद्यापीठ की एक विभाग? २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग म्हटलं, आणि २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं परिपत्रक काढलं. वरवर पाहता किरकोळ बदल. पण १३ बिंदूंच्या त्या यादीत चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची आणि अनुसूचित जमातीची चौदावी. संशोधन विद्यापीठातल्या छोट्या विभागात एका पदाच्या जागा असतात दोन-तीन. म्हणजे सातवा क्रमांक यायला पिढ्या जाव्यात! देशभर आंदोलन झालं आणि २०१९ च्या कायद्याने विद्यापीठ हेच एकक ठरलं. मेघनाद साहांना वसतिगृहात जात दाखवली गेली ती उघडपणे. इथे ती एका बेरजेत लपली होती.

तर, ओळख लागते का?

मी त्या मुलीला लिहिलेल्या उत्तरातला काही भाग इथे देतो.

जाहिरात वाचताना अटी वरून खाली वाच आणि प्रत्येक अटीपुढे लिही: ही कायद्याची, ही संस्थेची, ही फक्त 'प्राधान्य' म्हणून. फक्त प्राधान्याची अट पाहून मागे फिरू नकोस. अध्यापकाच्या जागेला अशा संस्थांत पीएच.डी. लागते, त्यात वाद नाही. पण तांत्रिक जागा वेगळ्या निघतात, त्यांची जाहिरात वेगळी असते आणि तिकडे कमी लोकांचं लक्ष असतं. प्रकल्पातल्या जागा त्या प्रकल्पाच्या प्राध्यापकाच्या हातात असतात. त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाच, आपण केलेलं एखादं काम जोड आणि थेट लिही. सत्येंद्रनाथांनी हेच केलं होतं. दहा जणांना लिहिलंस तर दोघं उत्तर देतील, तेवढे पुरतात. मंजूर जागा किती आणि रिकाम्या किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. २००५ पासून तो तुझा हक्क आहे. आणि मुलाखतीत कुणी लग्नाबद्दल विचारलं, तर कमला भागवत आठव.

पण मी तिला हेही लिहिलं, की हे सगळं करूनही नाही जमलं तर कमीपणा तुझा नाही. खोरानांना जागा मिळाली नव्हती, ती त्यांच्यात काही उणं होतं म्हणून नव्हे. जागा निघालीच नव्हती. जागा काढणं हे काम समाजाचं, सरकारचं, देणगीदारांचं. पालित आणि घोष वकील होते. त्यांना विज्ञानातलं किती कळत होतं, कोण जाणे. पण पैसे कुठे लावायचे ते कळत होतं. आज हे पुस्तक वाचणाऱ्यांत बडोद्याचे, हैदराबादचे, बंगळूरचे, नागपूरचे लोक आहेत. काही जण संस्थांत निवड समित्यांवर बसतही असतील. त्यांना माझी विनंती आहे: पुढची जाहिरात काढाल तेव्हा एकदा विचारा, यातली कोणती अट आशुतोष मुखर्जींनी खोडली असती?

गेल्या आठवड्यात त्या मुलीचं उत्तर आलं. एका प्रयोगशाळेत तिला प्रकल्पातली जागा मिळाली आहे. सूक्ष्मदर्शकातून येणाऱ्या चित्रांचं मोजमाप करणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. मुदत एक वर्ष. आईने विचारलं, "पक्की आहे का गं?" तिने सांगितलं, "नाही, हंगामी आहे."

मी तिला कळवलं, जगदीशचंद्रांचीही पहिली नेमणूक हंगामीच होती. पगार मात्र दर महिन्याला घेत जा.